आजी मला आत्याच्या नावाने हाक मारते

तेरा वर्षांच्या एका मुलीचं पत्र आलं आहे. ते थोडं आटोपशीर करून इथे देते.

"माझी आजी आमच्याकडेच राहते. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी तिला अल्झायमर आहे असं सांगितलं. हल्ली ती मला आत्याच्या नावाने हाक मारते. 'आजी, मी आत्या नाही' असं मी दर वेळी सांगते, मग ती गोंधळते नाहीतर चिडते. तिचं पाकीट मी चोरलं असं ती शेजारच्या काकूंना सांगत होती. मागच्या आठवड्यात मी तिच्यावर ओरडले, 'तू माझी आजी नाहीसच!' ती रडली. थोड्या वेळाने आपण का रडलो हे ती विसरली, पण उदास मात्र होती. शाळा सुटल्यावर आईबाबा येईपर्यंत आम्ही दोघीच घरी असतो. एकदा मी गणितं सोडवत होते आणि ती दार उघडून बाहेर निघून गेली. सापडली, पण तेव्हापासून माझं अभ्यासात लक्ष लागत नाही. माझी वेणी मात्र ती अजून घालते, दुखेल इतकी घट्ट. एकदा माझ्या मनात आलं की आजी गेली तर बरं होईल. मी वाईट आहे का? माझ्या ओरडण्यामुळे आजार वाढला का? बाबांना आणि मलाही हे होणार का? पुढच्या महिन्यात माझा वाढदिवस आहे. मैत्रिणींना घरी बोलवायची लाज वाटते. काय करू?"

प्रिय मैत्रिणी,

सगळ्यांत अवघड गोष्ट तू पत्राच्या शेवटी शेवटी एका ओळीत उरकलीस, म्हणून मी तिथूनच सुरुवात करते. आजी गेली तर बरं होईल असं मनात आलं म्हणून तू वाईट ठरत नाहीस. असा आजार घरात आला की हा विचार कितीतरी मोठ्या माणसांच्या मनात येऊन जातो. ते तो बोलून दाखवत नाहीत, आणि मग ज्याच्या त्याच्या मनात हीच भीती बसते की असा विचार करणारे आपण एकटेच. तुला आजी नकोशी झालेली नाही. हे सगळं थांबावं, तिची घालमेल थांबावी आणि तुझीही थांबावी, असं तुला वाटतं. नकोशी झाली असती तर तू पत्र लिहायला बसलीच नसतीस.

घरातलं माणूस वारलं की लोक भेटायला येतात. कुणी जवळ घेतं, शाळेतही बाईंना माहीत असतं, चार दिवस अभ्यास झाला नाही तरी कुणी बोलत नाही. तुझ्याबाबतीत यातलं काहीच घडलेलं नाही, कारण आजी तर समोरच्या खुर्चीत बसलेली आहे. पण घरात पाऊल टाकल्याबरोबर दिवसभरात काय काय झालं ते खोदून खोदून विचारणारी आजी तुला भेटेनाशी झाली आहे. तिच्यासाठी रडावं तर ती समोर, आणि तिच्याशी बोलावं तर ती सापडत नाही. 1970 च्या दशकात अमेरिकेत पॉलिन बॉस नावाच्या अभ्यासक युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांबरोबर काम करत होत्या. माणूस गेला असं कुणी सांगत नाही आणि तो परतही येत नाही, हे दुःख वेगळंच असतं, माणसाला ते धड रडूही देत नाही, असं त्यांनी मांडलं. पुढे अल्झायमरसारखा स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या घरांतही त्यांना हेच दुःख दिसलं. तुझी चिडचिड, आजीच्या खोलीत जायचा कंटाळा, मनात आलेला तो विचार, हे सगळं त्या दुःखातून येतं आहे. आजीच्या आठवणीने रडू आलं तर खुशाल रड, ती जिवंत असली तरी.

आता ओरडण्याबद्दल. तुझ्या ओरडण्याने आजीचा आजार सुरू झाला नाही आणि वाढलाही नाही. हे मी तुझी समजूत काढायला म्हणत नाही. अल्झायमरमध्ये मेंदूत दोन प्रकारची प्रथिनं चुकीच्या पद्धतीने साठत जातात. एकाचे गठ्ठे पेशींच्या बाहेर जमतात आणि दुसऱ्याचा गुंता पेशींच्या आत होतो. मग त्या पेशींचं एकमेकींशी बोलणं तुटतं आणि हळूहळू त्या मरतात. अलॉयस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांना 1901 मध्ये एक बाई भेटल्या. वय फक्त 51. नवऱ्याचं नाव विचारलं तर त्या स्वतःचंच नाव सांगायच्या. 1906 मध्ये त्या वारल्यावर डॉक्टरांनी त्यांचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तेव्हा हे गठ्ठे आणि गुंते पहिल्यांदा नीट दिसले. तुझ्यासाठी यातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. हे साठणं लक्षणं दिसायच्या दहा-वीस वर्षं आधीपासून सुरू झालेलं असतं. म्हणजे तुझ्या आजीच्या मेंदूत हे सुरू झालं तेव्हा कदाचित तुझा जन्मही झाला नसेल. आणि कधी एक-दोन दिवसांतच आजीचा गोंधळ एकदम वाढलेला दिसला, तर तेही तुझ्यामुळे नसतं. लघवीच्या जागी जंतुसंसर्ग होणं, पाणी कमी पिणं, बद्धकोष्ठ, एखादं नवीन औषध, अशांमुळे तसं होतं आणि त्यावर उपचार असतात. असं दिसलं तर त्याच दिवशी आईबाबांना सांग, त्यांना डॉक्टरांशी बोलता येईल.

मग ती तुला आत्या का म्हणते? नवीन आठवणी साठवून ठेवण्याचं काम मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा एक छोटा भाग करतो आणि या आजाराचा घाला बहुतेक वेळा त्याच्यावर आधी पडतो. म्हणून सकाळी काय झालं ते राहत नाही, मग गेल्या वर्षीचं जातं, मग त्याच्या मागचं. फार जुन्या आठवणी शेवटपर्यंत टिकायला बघतात. आजीच्या मनात सध्या जो काळ चालू आहे, त्यात ती स्वतः चाळिशीच्या आतबाहेर असेल, आणि त्या घरात तेरा-चौदा वर्षांची एकच मुलगी आहे, तुझी आत्या. दप्तर घेतलेली, तेरा वर्षांची, घरच्या चेहरेपट्टीची मुलगी दारातून आत आली, तर आजीने दुसरं कुठलं नाव घ्यावं? तुझं नाव तिच्या हाताला लागत नाही, पण तू घरची आहेस, आपली आहेस, हे तिला पक्कं कळतं आहे. नाहीतर तिने 'कोण हवंय तुम्हाला?' असं विचारलं असतं. पुढे एखाद्या दिवशी तसंही विचारेल. तेव्हा जे तुटेल मनात, त्यासाठी आईच्या कुशीत जा. ते एकटीने सोसायचं नाही.

म्हणून माझी तुला एकच विनंती आहे आणि बाकी सगळं विसरलीस तरी चालेल. आजीची परीक्षा घेणं बंद कर. 'मी कोण सांग बरं', 'आठव, आठव ना', 'मघाशीच तर सांगितलं', ही तिन्ही वाक्यं घरातून हद्दपार करा. तू एकटीच नाही, सगळेच. मोठी माणसं तर पाहुण्यांसमोर हौसेने विचारतात, 'आजी, ही कोण?' असं विचारून स्मरणशक्ती सुधारत नाही. चारचौघांत आपण नापास झालो, एवढंच तिला कळतं. आत येताना तूच सांगून टाक, 'आजी, मी आले गं, तुझी नात.' तिने आत्याच्या नावाने हाक मारली, तर 'काय गं आजी?' म्हण आणि जवळ जा. यात खोटं काही नाही. तू आत्या असल्याचं नाटक करायला कुणी सांगत नाही, तू हाकेला ओ देते आहेस. एखाद्या दिवशी तेही नको वाटलं, तर खोलीबाहेर जा, पाणी पी, दहा मिनिटांनी परत ये. मधल्या वेळात तिच्या डोक्यातून तो विषय गेलेला असेल.

तू लिहिलंस की ती का रडली ते विसरली, पण उदास राहिली. हे तू अगदी बरोबर टिपलंस. 2014 मध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात अल्झायमर झालेल्या काही लोकांना आधी दुःखाची आणि नंतर आनंदाची चित्रपटदृश्यं दाखवली. थोड्याच वेळात बहुतेकांना काय पाहिलं ते नीट सांगता येईना. एकाला तर आपण काही पाहिलं हेच आठवेना. पण दुःखाची दृश्यं पाहिल्यावर ते त्यानंतरही बराच वेळ खिन्न होते आणि आनंदाची पाहिल्यावर खुशीत. प्रसंग पुसला जातो, भावना मागे राहते. दुःख तर आनंदापेक्षा थोडं जास्तच टिकलं, हेही मी तुझ्यापासून लपवत नाही. त्या संध्याकाळी तिला वाईट वाटलं होतं आणि ते काही काळ राहिलं. पण ते कायमचं नव्हतं, आणि हाच नियम चांगल्या गोष्टींनाही लागू आहे. तू तिच्याशेजारी बसून हसलीस, तिचा हात हातात घेतलास, तर कोण बसलं होतं ते ती अर्ध्या तासात विसरेल, पण तिची संध्याकाळ बरी जाईल. तिला आठवतच नाही तर भेटून काय उपयोग, असं मोठी माणसंही म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही.

त्या दिवसाबद्दल माफी मागावीशी वाटत असेल तर माग, पण 'मी तुला असं असं बोलले होते' हे उकरून काढू नकोस. तिला ते नव्याने ऐकल्यासारखं लागेल. जवळ बसून 'आजी, तू मला खूप आवडतेस' एवढं म्हटलंस तरी माफी पोचली.

चोरीच्या आरोपाचं दुःख मी समजू शकते, विशेषतः तो शेजारच्यांसमोर झाला म्हणून. तिथे काय घडतं ते बघ. आजीला पाकिटाची काळजी वाटते, म्हणून ती ते सुरक्षित जागी ठेवते, उशीखाली, कपाटात कपड्यांच्या मागे. ठेवल्याचं विसरते. मग पाकीट जागेवर नाही. आपण ते हलवलेलं नाही याची तिला खात्री आहे. मग एकच उत्तर उरतं, कुणीतरी घेतलं. आणि जे माणूस सगळ्यांत जास्त आसपास असतं त्याच्यावर आळ येतो. तुझ्यावर आला, कारण तूच सगळ्यांत जास्त तिच्याजवळ असतेस. 'मी नाही घेतलं' म्हणून भांडू नकोस, त्यातून काही निघत नाही. 'पाकीट सापडत नाहीये का? चल, शोधू या' म्हण. तिच्या नेहमीच्या दोन-तीन जागा तुला कळतीलच. सापडलं की तू बाहेर काढू नकोस, तिला त्या जागेपर्यंत ने आणि तिच्याच हाताला लागू दे. तू काढून दिलंस तर 'बघा, हिच्याकडेच होतं' असं होतं. शेजारच्या काकूंशी बाबांनी एकदा बोलून घ्यावं. ते तुझं काम नाही.

आणि तुझी वेणी! पत्रात सगळ्यांत जास्त मला तेच आवडलं. सवयीने हातात बसलेल्या गोष्टी मेंदूच्या वेगळ्या भागांत सांभाळल्या जातात आणि तिथे हा आजार उशिरा पोचतो. म्हणून तुझं नाव न आठवणारी आजी तीन पेड बरोबर करते, एकही बट सुटू देत नाही, वर इतकी घट्ट ओढते की तुझ्या डोळ्यांत पाणी यावं. रोज कंगवा घेऊन तिच्यापुढे बस. 'सैल घाल' म्हणून बघ, ऐकलं नाही तर शाळेत जाऊन सैल कर. वेणी घालताना तिला काही आठवावं लागत नाही, उत्तरं द्यावी लागत नाहीत, आणि तुम्ही दोघी जवळ असता. याच जातीची आणखी कामं शोध. धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालणं चांगलं आहे. तिने एकच टॉवेल चारदा उलगडून घडी घातला तरी घालू दे. तिच्या तरुणपणीची गाणी लावून बघ, कारण गाणी फार खोलवर टिकतात. बोलण्यात शब्द न सापडणारी माणसं कडव्यामागून कडवं म्हणतात. जुने फोटो काढलेस तर बोट ठेवून 'ही कोण?' विचारू नकोस, 'ही तू, बघ कशी उभी आहेस' असं आपणच म्हणत जा. मग तिला वाटलं तर ती पुढचं सांगेल. ती जे सांगेल ते लिहून ठेव. त्यात चुका असतील, सनावळी जुळणार नाही, तरी लिही.

संध्याकाळी तिची बेचैनी वाढत असेल. या आजारात अनेकांचं तसं होतं, दिवे लागायच्या वेळेला घालमेल सुरू होते, 'मला घरी जायचंय' सुरू होतं. बहुधा ती दाराबाहेर गेली तीही अशाच वेळी. 'हेच तुझं घर' असं पटवत बसण्यापेक्षा 'तुमच्या घरी कोण कोण होतं गं?' असं विचारलंस तर ती बोलायला लागते आणि पाय थांबतात. अंधार पडायच्या आत दिवे लाव, टीव्हीचा आवाज बंद कर.

पण इथे मला थांबून तुझ्या आईबाबांशी बोलायचं आहे. हा भाग त्यांना वाचायला दे.

तुमच्या मुलीवर रोज काही तास एका आजारी माणसाची राखण सोपवली गेली आहे. कुणी ठरवून सोपवली नसेल, पण झालं तसंच आहे. आजी बाहेर गेली त्या दिवसापासून ती पुस्तकात डोळे आणि दाराकडे कान ठेवून बसते. तेरा वर्षांच्या मुलीने आजीकडून वेणीफणी करून घ्यावी, तिला गाणी ऐकवावी, तिच्याशी बोलावं, हे योग्य आहे. आजीच्या जिवाची जबाबदारी तिच्यावर असणं योग्य नाही. त्या तासांसाठी कुणीतरी मोठं माणूस घरात हवं, पगारी मदत असो, नातेवाईक असो किंवा तुमच्यापैकी एकाने कामाच्या वेळा बदलणं असो. सोपं नाही हे मला कळतं, तरीही हे सगळ्यांत आधी करा. दाराला आजींच्या नजरेत न येणारी, पण संकटात घरातल्यांना पटकन काढता येईल अशी कडी लावा. त्यांच्या कपड्यांत किंवा मनगटावर नाव आणि फोन नंबर असू द्या. मुलीशी आजाराबद्दल उघड बोला, पुढे काय काय होऊ शकतं हेही सांगा. दाराआड कुजबुज झाली की मुलं स्वतःच्या मनाने कारणं शोधतात आणि त्यात दोष स्वतःकडे घेतात. तिने तेच केलं आहे. वर्गशिक्षिकेला कळवा. तिची झोप, भूक, अभ्यास यांची घडी महिनाभरातही बसली नाही, तर तिला समुपदेशकांकडे घेऊन जा.

आता पुन्हा तू. बाबांना आणि तुला हे होणार का, याचं उत्तर असं. थेट पिढीजात उतरणारा प्रकार फार दुर्मीळ आहे, शंभरात एकाहूनही कमी रुग्णांत दिसतो, आणि तो बहुधा पासष्टीच्या आतच सुरू होतो. घरात कुणाला उतारवयात झाला असेल तर बाकीच्यांची शक्यता थोडी वाढते, पण होणारच असं अजिबात नाही. उलट रक्तदाब, मधुमेह, कमी ऐकू येणं, धूम्रपान, व्यायाम नसणं अशी चौदा कारणं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने 2024 मध्ये मांडली. ती हाताळली तर जगातले स्मृतिभ्रंशाचे सुमारे 45 टक्के रुग्ण टाळता किंवा पुढे ढकलता येऊ शकतील, असा त्यांचा अंदाज आहे. तेव्हा बाबांना रक्तदाब तपासायला आणि रोज चालायला पाठव, जमलं तर त्यांच्याबरोबर तूही जा. तू एखादी वही घरी विसरलीस तर ती फक्त वही विसरणं आहे.

राहिला वाढदिवस. मैत्रिणींना बोलाव. फार गर्दी नको, आजीला गोंगाटाचा त्रास होईल आणि तुझं सगळं लक्ष तिच्याकडे राहील. दोघी-तिघी पुरे. त्या यायच्या आदल्या दिवशी त्यांना सरळ सांग, 'माझ्या आजीला विसरण्याचा आजार आहे. ती तुम्हाला तेच तेच विचारेल, मला दुसऱ्या नावाने हाक मारेल. तुम्ही नेहमीसारखं बोला, तिला हसू नका.' एवढ्या तीन वाक्यांनी तुझी निम्मी धास्ती जाईल, कारण मग कुणाला काही अचानक कळणार नाही. आजी थोडा वेळ सगळ्यांत बसेल, कंटाळली की आई तिला आत घेऊन जाईल, हे आईशी आधीच ठरवून ठेव. त्या दिवशी आजीकडे बघायचं काम आईबाबांचं. तू मैत्रिणींबरोबर राहा.